टपालकलेतील खेळकर देवघेव आणि मराठी मायना

पत्राचा विचार मराठीत आजवर बहुधा दोन अंगांनी झाला आहे. इतिहाससंशोधकाने पत्राकडे पुरावा म्हणून पाहिले. साहित्यसमीक्षकाने ते लेखकाचे अंतरंग जाणण्याचे साधन मानले. दोघांनीही आतील मजकूर तेवढा उचलून घेतला आणि लखोटा बाजूस टाकला. पत्ता, तिकीट, शिक्का, मायना, कागदाची घडी, शेवटची सही ह्या गोष्टी त्यांच्या लेखी मजकुराच्या वाहक होत्या, स्वतः मजकूर नव्हत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरलेल्या एका कलाव्यवहाराने नेमका ह्याच टाकाऊ ठरलेल्या अंगाचा खेळ मांडला. त्या व्यवहारास येथे टपालकला असे म्हटले आहे. ह्या कलेची समीक्षा करणाऱ्यास मराठी पत्रपरंपरा काही शिकवू शकते काय, आणि उलट ह्या कलेच्या प्रकाशात मराठीतील एक अतिप्रसिद्ध पत्र निराळे दिसते काय, हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

टपालकलेचा प्रवर्तक म्हणून रे जॉन्सन (१९२७–१९९५) ह्या अमेरिकन कलावंताचे नाव घेतले जाते. डेट्रॉइट येथे जन्मलेला आणि ब्लॅक माउंटन महाविद्यालयात शिकलेला हा कलावंत १९५० नंतरच्या दशकापासून ओळखीच्या व अनोळखी माणसांना टपालाने कात्रणे, चित्रे, चिकटकामाचे तुकडे आणि विनोदी चिठ्ठ्या पाठवीत असे. त्यावर सूचना असे : ह्यात भर घालून परत करा, किंवा ह्यात भर घालून अमक्याला पाठवा. ज्याला पाठवावयाचे तो पाठविणाऱ्याच्या परिचयाचा असेलच असे नाही. १९६२ साली ह्या जाळ्यास ‘न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल’ असे नाव मिळाले. हे नाव एक थट्टा होती. टपालाने शिक्षण देणाऱ्या संस्थांना इंग्रजीत हीच संज्ञा आहे, आणि न्यूयॉर्कच्या चित्रकारांच्या प्रतिष्ठित संप्रदायासही ‘न्यूयॉर्क स्कूल’ म्हणत. जॉन्सनने त्यावर आणखी एक चढविली : पत्रव्यवहारवाचक इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या अवयवातील एक स्वर बदलून त्याने त्यात ‘नृत्य’ हा शब्द बसविला. उच्चारात फरक जवळजवळ नाही. तो दिसतो तो केवळ लिहिल्यावर. हा श्लेष कानाचा नसून लिपीचा आहे, म्हणजेच पत्राच्या माध्यमातच संभवणारा आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ह्या मंडळींचे प्रदर्शन झाले तेव्हा जॉन्सनने स्वतःचे काम मांडले नाही. त्याच्या निमंत्रणावरून पत्रमित्रांनी संग्रहालयाच्या पत्त्यावर जे धाडले ते मांडले. १९७३ साली त्याने न्यूयॉर्क टाइम्स ह्या वृत्तपत्राच्या मृत्युलेख विभागास पत्र लिहून आपली ‘शाळा’ वारल्याचे कळविले, आणि पत्रे पाठविणे चालूच ठेवले.

ह्या व्यवहाराचे रहस्य मजकुरात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ऑन कावारा ह्या जपानी कलावंताने १९६८ पासून १९७९ पर्यंत रोज दोन चित्रकार्डे दोन व्यक्तींना पाठविली. त्यांवर आपण त्या दिवशी किती वाजता उठलो एवढेच रबरी शिक्क्यांनी उमटविलेले असे. बेन व्होत्ये ह्याने १९६५ मध्ये एक कार्ड केले, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. दोहोंवर पत्त्याची जागा, दोहोंवर तिकिटाची. दोन बाजूंवर दोन निरनिराळे पत्ते लिहावयाचे आणि ते पेटीत टाकावयाचे. कोणाला पोचवावयाचे हे पोस्टमनने ठरवावे. सांगण्यासारखे ह्या कार्डांत जवळजवळ काहीच नाही. तरीही ती पोचल्यावर काहीतरी घडते. मॅलिनोव्हस्की ह्याने १९२३ साली भाषेच्या ज्या कार्याकडे लक्ष वेधले, म्हणजे केवळ संबंध जोडून ठेवण्यासाठी केलेले बोलणे, ते कार्य येथे कागदावर उतरलेले दिसते. पण केवळ तेवढेच नाही. ग्रेगरी बेटसन ह्याने १९५५ मध्ये खेळाविषयी असे प्रतिपादिले की प्रत्येक खेळात ‘हा खेळ आहे’ अशी एक सूचना अंतर्भूत असते आणि ती सूचना खेळातील कृतींच्या पातळीवरची नसून तिच्या वरच्या पातळीवरची असते. कुत्र्याचे पिलू खेळताना चावते तेव्हा ते चावणे चावण्याचा अर्थ वाहत नाही. टपालकलेत ही सूचना कोठे दिली जाते? पत्राच्या चौकटीत. शिक्का खोटा, तिकीट घरी छापलेले, संस्था अस्तित्वात नसलेली; हे वाचणाऱ्याला लखोट्यावरच कळते आणि मग आतील कोरेपणाचाही अर्थ लागू लागतो.

येथवर पाश्चात्त्य विवेचकांशी मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद पुढे आहे. टपालकलेचे पुरस्कर्ते असे सांगत आले की हे जाळे समानांचे आहे : प्रवेशशुल्क नाही, परीक्षक नाहीत, आलेले काम परत करावयाचे नाही पण आलेले सर्व मांडावयाचे आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीस सूची पाठवावयाची. पत्ता असला की माणूस सभासद झाला. ही समानता माध्यमातूनच आपोआप येते असा त्यांचा समज दिसतो. इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्यास तो समज होणे साहजिक आहे. त्या भाषेत द्वितीयपुरुषी सर्वनाम एकच उरले असून पत्राच्या आरंभीचा ‘प्रिय’ राजापासून रंकापर्यंत सर्वांना चालतो. मराठीत पत्राला आरंभ करावयाचा म्हणजे आधी नाते, वय, मान आणि सौभाग्य ह्यांचा निवाडा करावा लागतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असणाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्या सद्गृहस्थास ‘राजमान्य राजेश्री’, सवाष्णीस ‘सौभाग्यवती’, विधवेस ‘गंगाभागीरथी’. मायन्यामागून शिरसाष्टांग नमस्कार की अनेक आशीर्वाद हे ठरते, त्यामागून ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरते, आणि सर्वनामाबरोबर क्रियापदाचे रूप बांधले जाते. लेखनपद्धतीच्या ‘मेस्तक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वह्यांत कोणास कोणता मायना लिहावा हे नोंदून ठेवण्याची गरज भासली, ती उगीच नव्हे. मराठी पत्रलेखकाला समानता गृहीत धरता येत नाही. ती दर वेळी भाषेत घडवावी लागते.

चांगदेवाची आख्यायिका ह्या दृष्टीने वाचली पाहिजे. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास बसला. वयाने ज्ञानदेव पोर, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावे. ज्ञानाने थोर, तेव्हा ‘तीर्थरूप’ लिहावे. निर्णय होईना, म्हणून त्याने कोराच कागद पाठविला. चांगदेव नावाच्या व्यक्ती एकाहून अधिक असाव्यात असा संशय अभ्यासकांना आहे, आणि चौदाशे वर्षांचे आयुष्य इतिहासात बसत नाही. महिपतीसारख्या संतचरित्रकारांनी घरोघर नेलेली ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावयाची. परंतु आख्यायिकेने चांगदेवाच्या कोऱ्या कागदाचे जे कारण दिले ते आध्यात्मिक नाही, व्याकरणाचे आहे, ह्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याला सांगावयाचे काही नव्हते म्हणून कागद कोरा राहिला नाही. त्याला मायना सुचला नाही. मायन्यावाचून मराठीत पुढचा एक शब्द लिहिता येत नाही, कारण क्रियापद अडून बसते. जगात इतरत्र ही कथा अशी रचली गेली असती काय, ह्याची शंकाच आहे.

कोऱ्या पत्राची एक इंग्रजी गोष्टही तुलनेस घेण्यासारखी आहे. १८४० पूर्वी इंग्लंडात टपालाचे मूल्य बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई, आणि ते जबर असे. कोलरिज ह्या कवीविषयी असे सांगतात की एका गावी एक स्त्री पोस्टमनने आणलेले पत्र परत करीत असता त्याने कनवाळूपणाने पैसे भरले. तेव्हा तिने सांगितले की पैसे वाया गेले. आत कोरा कागद होता. आपण खुशाल आहोत एवढे कळविण्यासाठी भावाने ठराविक काळाने तसा कागद पाठवावयाचा आणि बहिणीने तो न घेता परत करावयाचा, असा दोघांचा संकेत होता. हे पत्र कोरे आहे ते पैशासाठी, आणि त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे. चांगदेवाच्या पत्राचा अर्थ ठरलेला नव्हता. तो उत्तराने ठरला.

उत्तरे दोन आली. पहिले मुक्ताबाईचे. चौदाशे वर्षे जगून चांगदेव कोरा तो कोराच राहिला, असे ती हसून म्हणाली. ह्या उद्गारात ‘कोरा’ हा शब्द कागदावरून उचलून माणसावर ठेवला आहे : न लिहिलेला, आणि न शिकलेला. मराठीत हा शब्द दोन्ही अर्थ सहज पेलतो. कोरा कागद, कोरे कापड, कोरा चहा ह्यांबरोबर ‘त्या विषयात तो अगदी कोरा आहे’ असेही आपण म्हणतो. चांगदेवाने जे टाळले होते ते, म्हणजे स्वतःचे स्थान, मुक्ताबाईने एका शब्दात त्याच्या पदरात घातले. दुसरे उत्तर ज्ञानदेवांचे. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून त्यांनी पासष्ट ओव्या लिहून पाठविल्या. आरंभीचा ‘स्वस्ति श्री’ हा पत्राचा शिष्टसंमत मंगलोच्चार आहे; म्हणजे ज्ञानदेवांनी पत्राची चौकट मोडली नाही, ती घेतली. पण त्यापुढे व्यक्तिवाचक मायना येण्याच्या जागी परतत्त्वाचा निर्देश येतो, आणि तोही ‘वटेश’ ह्या नावाने, जे नाव चांगदेवाच्या स्वतःच्या गुरुपरंपरेशी जोडलेले आहे. चांगदेवाला मग ते ‘वटेश्वराचा पुत्र’ म्हणतात, ‘चांगया’ म्हणतात आणि ‘तू’ म्हणतात.

ह्या ‘तू’पाशी थांबले पाहिजे. चांगदेवापुढे दोनच वाटा होत्या, चिरंजीव की तीर्थरूप. ज्ञानदेवांनी त्यातील एकही घेतली नाही. ‘चांगया’ ह्या संबोधनात लाडिकपणा आहे, पण वडीलकी नाही. ‘तू’मध्ये जवळीक आहे, पण अवमान नाही, कारण मराठीत देवाला आणि आईलाही ‘तू’ म्हणतात. मानाच्या उतरंडीच्या टोकाला जाऊन पुन्हा खाली आलेले असे हे सर्वनाम आहे. ते निवडताच पेच सुटतो. पुढे ओव्यांत जे प्रतिपादन येते, तुझे बोलणे मी ऐकणे म्हणजे तळहाताने तळहाताला मिठी घालण्यासारखे, बोलानेच बोल ऐकावा आणि चवीनेच चव चाखावी तसे, आणि शेवटाकडे दोन डोळस आरसे समोरासमोर आले असता भेद हरपावा ही प्रतिमा, ते सारे अद्वैताचे तत्त्वज्ञान आहेच. परंतु पत्रव्यवहाराच्या पातळीवर ते त्या कोऱ्या मायन्याचे उत्तरही आहे : लिहिणारा आणि वाचणारा हे दोघे उरत नाहीत, तेथे कोण वडील आणि कोण धाकटा हा प्रश्न उरत नाही. आणखी एक जागा टपालकलेच्या अभ्यासकास चकित करील. तुला भेटावे असे मनात येते, पण सिद्धच असलेली भेट प्रत्यक्ष भेटण्याने विसकटेल की काय असे भय वाटते, अशा आशयाची एक ओवी पासष्टीत आहे. आयुष्यभर एकमेकांना न पाहता पत्रे धाडीत राहिलेल्या मंडळींचा हा अनुभव तेराव्या शतकातील मराठी पत्रात नोंदविलेला आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पासष्टी हा सांप्रदायिक श्रद्धेचा व तत्त्वचिंतनाचा ग्रंथ. त्यास खेळ म्हणणे म्हणजे त्याचे अवमूल्यन नव्हे काय? खेळ आणि गांभीर्य हे परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरले तरच हा आक्षेप टिकतो. हॉइझिंगा ह्याने १९३८ साली खेळाचे जे विवेचन केले त्यात विधी, कोडे आणि काव्य ह्यांना खेळाच्या कक्षेत घेतले, ते त्यांना क्षुल्लक ठरविण्यासाठी नव्हे. शिवाय चिद्विलास ही कल्पना ज्या विचारपरंपरेत मध्यवर्ती आहे तिच्या संदर्भात ‘खेळ’ ह्या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. आक्षेपातील खरा अंश एवढाच की मुक्ताबाईची कोटी आणि ज्ञानदेवांच्या ओव्या एका मापाने मोजू नयेत. कोटीने चांगदेवाला हरविले, ओव्यांनी त्याला जोडून घेतले. दोन्ही खेळी एकाच डावातल्या आहेत, आणि पहिली नसती तर दुसरीची कोमलता इतकी जाणवली नसती. पुढे चांगदेवाने मुक्ताबाईस गुरू केले असे परंपरा सांगते. ज्याला एका मुलासाठी मायना सुचत नव्हता त्याने त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला आई म्हटले.

पत्राची चौकट घेऊन तिचे नाटक करणे ही गोष्ट मराठवाड्याच्या वाङ्मयात पुढेही दिसते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात जी भारुडे रचली त्यांत अर्जदस्त, जाबचिठ्ठी, अभयपत्र, ताकीदपत्र अशी रचना आहे. ‘अर्जदस्त’ हे भारूड दरबारी अर्जाच्या फारसी मायन्याने सुरू होते. अर्जदार आहे जीव, तो ‘जिवाजी शेखदार’ म्हणून अवतरतो. किल्ला कायापुरी, परगणा शरीराबाद. मन देशमुख आहे, ममता देशमुखीण, आणि यमाजीपंतांचा तगादा लागलेला आहे. ज्या लेखनशैलीने रयतेच्या पोटात गोळा उठत असे, त्या शैलीला नाथांनी देवाच्या कचेरीत कामाला लावले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे विडंबनाचे लक्ष्य कोणी व्यक्ती नसून एक लेखनप्रकार आहे. आणि अर्जाला जाब, जाबाला अभय अशी साखळी असल्याने एकेक भारूड सुटे वाचण्यापेक्षा उत्तरासह वाचणे अधिक फलदायी ठरते. खोटी संस्था, खोटा हुद्दा आणि खरा शिक्का हे टपालकलेचे साहित्य नाथांना अपरिचित नव्हते, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात नाथांचे पत्र भजनाच्या फडात गायिले जाते, टपालात पडत नाही; हा भेद विसरून चालणार नाही.

खऱ्या टपालात पडलेल्या पत्रांकडे वळावयाचे तर लातूर जिल्ह्यातील मुरुडसारखे बाजारपेठेचे गाव नजरेसमोर आणावे. १९११ साली लातूरपर्यंत पोचलेल्या अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवरील हे स्थानक. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते; ते १९५० साली भारतीय टपालखात्यात विलीन झाले. निजामाच्या तिकिटांवर मूल्य उर्दू, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार लिप्यांत छापलेले असे. म्हणजे गावात राज्यकारभाराची भाषा उर्दू असता पत्राच्या कोपऱ्यावर मात्र मराठीला इवलीशी हक्काची जागा होती. पत्र लिहिणारा एक, सांगणारा दुसरा, आणि पोचल्यावर वाचून दाखविणारा तिसरा, अशी रीत जेथे होती तेथे पत्राची चौकट मजकुराच्या आधी बोलत असे. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की ते मरणाचे. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असले की ते लग्नाचे. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही पोस्टमनच्या हातातले कार्ड दुरून वाचता येई. बाजारपेठांतून वावरणाऱ्या मारवाडी व्यापाऱ्यांच्या खाजगी पत्रावर साडेचौऱ्याहत्तरचा आकडा घालण्याची प्रथा होती. पराया माणूस ते फोडील तर त्याला चितोडच्या संहाराचे पाप लागेल अशी ती शपथ. लखोटा, कोपरा आणि आकडा ह्यांना अर्थ आहे हे ह्या समाजाला रे जॉन्सनने शिकविण्याची गरज नव्हती. गरज होती ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती ह्या पत्रांत नाही : शेवट उघडा ठेवण्याची.

मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि अखेरीस ‘मोर्तब’. ‘लेखनसीमा’ ह्या शब्दाचाच अर्थ असा की येथे लेखन संपले, ह्यापुढे कोणी अक्षर घालील तर ते बनावट. पत्राचे प्रामाण्य त्याच्या बंदिस्तपणात होते. टपालकलेतील रबरी शिक्का ह्याच्या उलट टोकाला उभा आहे; तो म्हणतो की लेखन संपलेले नाही, तुझी भर पडावयाची आहे. ह्या दोहोंच्या मध्ये साखळीपत्र येते. १९७५ च्या सुमारास संतोषीमातेच्या नावाची कार्डे घराघरांत येऊन पडत आणि ठराविक संख्येने तसाच मजकूर लिहून पुढे पाठविण्यास बजावीत. न पाठविल्यास अनिष्ट होईल अशी धमकी असे. वरवर पाहता हे टपालकलेचे भावंड वाटते. पण साखळीपत्र नक्कल मागते आणि भय घालते. टपालकला बदल मागते आणि भय घालीत नाही. जो पत्र पुढे पाठवीत नाही त्याने खेळ सोडला, इतकेच. खेळ सोडण्याची मोकळीक हे खेळाचे पहिले लक्षण आहे आणि साखळीपत्रात नेमके तेच नसते.

ही मोकळीक नेहमी राखता आली असे मात्र नाही. उरुग्वे ह्या देशात लष्करी राजवटीने १९७७ साली क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबायो ह्या दोन टपालकलावंतांना अटक केली. ‘हा खेळ आहे’ ही सूचना सत्तेने वाचली नाही, किंवा अगदी बरोबर वाचली. राजवटीच्या गांभीर्याला खोट्या शिक्क्याइतके दुसरे काही झोंबत नाही. त्यांच्या सुटकेसाठी देशोदेशींच्या पत्रमित्रांनी टपालानेच मोहीम चालविली. टपालकला म्हणजे सुखवस्तू कलावंतांचा विरंगुळा, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण डोळ्याआड करू नये.

तथापि ह्या कलेची सरसकट भलामण करणेही योग्य नाही. परीक्षक नसावा ह्या नियमाने तिला जिवंत ठेवले, त्याच नियमाने तिच्यात कचराही साठविला. संग्रहांतून राहिलेल्या असंख्य कार्डांपैकी पुष्कळशी एकाच ठशाची आहेत : तोच सशाचा चेहरा, तीच खोटी तिकिटे, तेच शिक्के. १९८४ साली न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस ह्या संस्थेत भरलेल्या प्रदर्शनात आलेले सर्व न मांडता निवड करण्यात आली, तेव्हा मोठा निषेध झाला. निषेध करणाऱ्यांची बाजू नियमाने खरी होती. पण निवड नको ह्याचा अर्थ मूल्यमापन नको असा त्यांनी घेतला, तेथे त्यांचे चुकले. मूल्यमापन सुट्या कार्डाचे होऊ शकत नाही, हे मान्य. ते जोडीचे होऊ शकते. आलेल्या पत्रात जे राहून गेले ते उत्तराने हेरले काय, आणि त्याला कामाला लावले काय, हा प्रश्न विचारता येतो. मुक्ताबाईने ‘कोरा’ हेरला. ज्ञानदेवांनी रिकामी मायन्याची जागा हेरली. जॉन्सनच्या सशाला दुसरा ससा जोडून परत पाठविणाऱ्याने काहीच हेरले नाही; त्याने हजेरी लावली. हजेरीलाही संबंध टिकविण्याचे मूल्य आहे, पण समीक्षकाने हजेरी आणि उत्तर ह्यांत फरक करावयास हवा.

आधुनिक काळाने मराठी पत्रास उतरंडीतून सोडविण्याचे काही प्रयत्न केले. ‘प्रिय’ हा मायना रूढ झाला, तो इंग्रजी वळणाने. भारतीय टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवी होते हा योगायोग मनोज्ञ आहे. ह्या सहा अंकांना मायना नाही. मुरुडचा अंक ४१३ ने सुरू होतो, तो तेथील सावकारासाठीही तोच आणि सालगड्यासाठीही तोच. पत्त्याची ही समानता मात्र लखोट्याबाहेरची. आत सर्वनाम वाट पाहत असतेच.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) आणि सुनीता देशपांडे ह्यांच्या पत्रव्यवहाराचे उदाहरण येथे बोलके आहे. जी. ए. धारवाडला, माणसांपासून दूर; भेटी थोड्या, पत्रे विपुल. जी. एं.ची पत्रे निवडक पत्रांच्या खंडांत प्रसिद्ध झाली. सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ ह्या नावाने २००३ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने आली. त्या शीर्षकातील मायना लक्षात घेण्यासारखा आहे : नात्याचा शब्द नाही, आडनाव नाही, ‘श्री.’ नाही, दोन आद्याक्षरे, जी वय, हुद्दा वा जात काहीच सांगत नाहीत. ज्ञानदेवांच्या ‘चांगया’नंतर मायन्याचा पेच इतक्या थोडक्यात सोडविलेला क्वचितच आढळेल. आणि तरी वाचकाच्या हाती दोन पुस्तके येतात, दोन कपाटांत राहतात, आणि कोणत्या पत्राला कोणते उत्तर हे वाचकाने तारखा जुळवून शोधावयाचे असते. प्रकाशनव्यवहाराच्या अडचणी असतील. पण पत्राचे एकक पत्र नसून पत्र आणि उत्तर ही जोडी आहे, हे संपादकांनी मानले असते तर रचना निराळी झाली असती.

संग्रहाची ही अडचण मुरुडच्या बाजूलाही आहे, आणि ती अधिक अवघड आहे. हळदकुंकवाचे डाग असलेली लग्नपत्रे जुन्या पेट्यांतून अजूनही निघतात. कोपरा फाडलेली कार्डे निघत नाहीत. असे कार्ड घरात ठेवावयाचे नाही, वाचून लगेच फाडून टाकावयाचे, अशी रीत होती. पासष्टीचेही तसेच झाले आहे. तिच्या छापील आवृत्त्या पहिल्या ओवीपासून सुरू होतात, फार तर प्रस्तावनेत चांगदेवाची कथा सांगतात. ज्या पत्राचे ते उत्तर आहे, तो एक कोरा कागद, पहिल्या ओवीच्या आधी बांधणीत घातला तर खर्च एका पानाचा आहे.